काचेच्या चुलीची कुळकथा



काचेची शेगडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते ती काळ्या काचेवर तीन-चार पितळी बर्नर बसवलेली गॅसची शेगडी. आजचा लेख तिच्याबद्दल नाही. तिची काच म्हणजे साधी काच, फक्त भट्टीत तापवून गार हवेच्या झोतानं एकदम थंड केलेली, म्हणून कडक. तिनं नुसतं पाटासारखं पडून राहायचं. जाळ तिच्या वर, बर्नरच्या तोंडाशी. मी लिहिणार आहे ती सिरॅमिकची चूल. तिच्यात जाळच नाही. वर एक सपाट काळी काच, खाली विजेची तार. तार लालबुंद होते आणि तिची धग काचेतून आरपार येऊन भांड्याला लागते. युरोपात भाड्याच्या घरात राहायला गेलेल्या आपल्या लेकीसुनांना बहुतेक वेळा हीच चूल ओट्यावर आयती मिळते. आणि तुमच्याकडे इंडक्शन असेल, तर त्याची वरची काळी पाटीही याच जातीची आहे.

माझी भाची नवऱ्याच्या नोकरीमुळे जर्मनीला गेली, तेव्हापासून या चुलीनं माझा बराच वेळ खाल्लाय. "मावशी, हिच्यावर तवा घासला की चरे पडतात का?", "मावशी, दूध उतू गेलंय, आता काय करू?" असे फोन. मग मी वाचायला लागले, आणि स्वच्छतेच्या दोन सूचना शोधता शोधता थेट अडीचशे-तीनशे वर्षं मागे गेले.

पॅरिसला रेओम्यूर नावाचे एक मोठे शास्त्रज्ञ होते. तापमापीवर त्यांच्या नावाचे अंश असायचे, तेच. त्या काळी चिनी मातीची भांडी म्हणजे श्रीमंतांची हौस, आणि ती आपल्याला कशी बनवता येतील या ध्यासानं युरोप वेडा झाला होता. रेओम्यूर यांनी काचेच्या बाटल्या वाळू आणि जिप्समच्या भुकटीत पुरून कित्येक दिवस तापवल्या. १७३९ मध्ये त्यांनी आपला निष्कर्ष मांडला: काच वितळली नाही, पण तिची पारदर्शकता गेली आणि ती पांढरी, चिनी मातीसारखी झाली. काचेचं दुसऱ्याच कशात तरी रूपांतर होतं हे त्यांना कळलं. पण त्या बाटल्या दुबळ्या निघाल्या. पृष्ठभागापासून आत सुयांसारखे जाड स्फटिक वाढायचे आणि माल ठिसूळ व्हायचा. विषय तिथेच थांबला, तो जवळजवळ दोनशे वर्षं.

आपल्या भाषेत सांगायचं तर रेओम्यूर यांनी दूध ठेवलं, पण विरजण लावलं नाही. दही आपोआपही लागतं, पण ते कसं लागेल याची खात्री नसते. विरजण नीट ढवळून लावलं तर दही सगळीकडे एकसारखं, घट्ट लागतं. काचेलाही तसंच विरजण लागतं, हे कळायला १९५३ साल उजाडावं लागलं, आणि तेही एका बिघडलेल्या भट्टीच्या कृपेनं.

अमेरिकेतल्या कॉर्निंग ग्लास वर्क्समध्ये डोनाल्ड स्टूकी नावाचे रसायनशास्त्रज्ञ प्रकाशाला संवेदनशील अशा काचेवर काम करत होते. त्या काचेत चांदीचे अतिसूक्ष्म कण असायचे. एक पाटी त्यांनी भट्टीत ठेवली, सुमारे ६०० अंशांवर. भट्टीचा नियंत्रक अडकला आणि उष्णता ९०० अंशांपर्यंत गेली. काच वितळून भट्टीभर पसरली असणार, भट्टी गेली, असं समजून त्यांनी दार उघडलं, तर आत पाटी जशीच्या तशी, फक्त पांढरीशुभ्र. चिमट्यानं बाहेर काढताना ती निसटून खाली पडली आणि फुटली नाही. पत्रा पडावा तसा खणखणीत आवाज आला. चांदीच्या कणांनी विरजणाचं काम केलं होतं. प्रत्येक कणाभोवती एक बारीक स्फटिक वाढला, आणि सगळ्या काचेभर एकाच वेळी वाढल्यामुळे कुठेही कमजोर जागा उरली नव्हती.

अपघातानं शोध लागला, अशी गोष्ट सांगायला सगळ्यांना आवडते. मला यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. ती पाटी कचऱ्यात टाकून भट्टी दुरुस्तीला देणारे कितीतरी निघाले असते. स्टूकींनी पुढची कित्येक वर्षं त्या पांढऱ्या पाटीमागे घालवली. यातून पायरोसिरॅम निघालं. क्षेपणास्त्रांच्या नाकाडावर बसवायला ते वापरलं गेलं, आणि १९५८ मध्ये त्याच घराण्यातली कॉर्निंगवेअरची पांढरी भांडी बाजारात आली, बाजूला निळी फुलं असलेली. फ्रीजमधून काढून थेट ओव्हनमध्ये ठेवली तरी न तडकणारी. शस्त्र आणि स्वयंपाकघर यांचं मूळ एकच असल्याचं वाचून मला जरा कसंसंच झालं, पण इतिहास आपल्याला विचारून घडत नाही.

न तडकण्याचं रहस्य काय? काच तडकते ती फुगते म्हणून. एका जागी तापली की तेवढाच भाग पसरायला बघतो, शेजारचा गार भाग त्याला जागा देत नाही, आणि मग तडा जातो. साध्या काचेची एक मीटर लांब कांडी १०० अंशांनी तापवली तर ती सुमारे ०.९ मिलिमीटरनं वाढते. प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काच ०.३३ मिलिमीटर. आकडे छोटे दिसतात, पण चहाचा ग्लास तडकायला तेवढं पुरतं. १९५० च्या सुमारास अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात हमेल नावाच्या संशोधकांनी लिथियम असलेल्या काही खनिजांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांतली काही तापवल्यावर जवळजवळ फुगत नाहीत, आणि एखादं तर उलट आकसतं असं दिसलं. आता अशा आकसणाऱ्या स्फटिकांना फुगणाऱ्या काचेत बसवलं तर? एक जाऊ घर पसरून ठेवणारी, दुसरी सारखी आवरणारी, आणि घर मात्र आहे तेवढंच. सिरॅमिकच्या चुलीची काच नेमकी अशी असते. तिचा साधारण दोन तृतीयांशाहून जास्त भाग स्फटिकांचा आणि उरलेला काचेचा. एक मीटरला १०० अंशांमागे वाढ एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकीही नाही. म्हणून चूल लाल असताना तिच्यावर गार पाणी सांडलं तरी ती सोसते.

कॉर्निंगनं १९६६ मध्ये अशी सपाट चूल ओट्यावर बसवून दाखवली. ती पांढरी होती आणि अपारदर्शक. पण आज जगभर दिसते ती काळी चूल आली जर्मनीहून, आणि तिचा रस्ता चक्क आकाशातून गेला आहे.

शॉट ही काचेची कंपनी मूळची येना गावची. ओटो शॉट यांनी १८८४ मध्ये तिथे प्रयोगशाळा काढली होती. दुसरं महायुद्ध संपताना येना रशियाच्या वाट्याला जाणार हे ठरलं, तेव्हा अमेरिकी सैन्यानं माघार घेताना कंपनीतली ४१ जाणकार माणसं बरोबर नेली. घरदार सोडून निघालेल्या या मंडळींनी पुढे १९५२ मध्ये माइन्झ गावात नवा कारखाना उभा केला. मग १९६८ च्या सुमारास हायडलबर्गच्या माक्स प्लांक खगोल संस्थेला मोठ्या दुर्बिणीसाठी आरसे हवे होते. रात्री हवा गार होत जाते, आरसा आकसतो आणि तारा धूसर दिसतो. न आकसणारा आरसा हवा होता. शॉटमध्ये युर्गन पेट्सोल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी झेरोड्यूर नावाची स्फटिकी काच तयार केली. आपल्या नैनितालजवळच्या देवस्थळ इथे २०१६ मध्ये सुरू झालेल्या ३.६ मीटरच्या दुर्बिणीचा मुख्य आरसाही झेरोड्यूरचाच आहे.

तोच गुण चुलीला हवा होता. झेरोड्यूरच्या कुळातली, सेरान नावाची काच शॉटनं १९७१ मध्ये कोलोनच्या प्रदर्शनात मांडली. हिच्यात विरजण चांदीचं नाही, टायटॅनियम आणि झिर्कोनियमच्या संयुगांचं. स्फटिक इतके बारीक की प्रकाश त्यांना अडखळत नाही, त्यामुळे काच मुळात पारदर्शकच राहते. काळा रंग मुद्दाम दिलेला, व्हॅनेडियम घालून, म्हणजे खालच्या तारा एरवी दिसू नयेत आणि तापल्यावर लाल झगमग तेवढी दिसावी. डोळ्याला काळी असली तरी उष्णतेच्या किरणांना ती जवळजवळ मोकळी वाट देते. आणि आडवी उष्णता फारशी पसरू देत नाही. वर्तुळ लाल असतं, पण चार बोटं पलीकडे हात ठेवता येतो.

जाडी किती, तर साधारण ४ मिलिमीटर.

आता या चुलीची जाहिरात पहिल्यापासून कशावर झाली? स्वच्छतेवर. त्याआधीच्या विजेच्या चुलींना गुंडाळ्या असायच्या किंवा बिडाच्या जाड चकत्या. उतू गेलेलं सगळं गुंडाळीच्या खाली ताटलीत जाऊन जळायचं, बिडाला गंज चढायचा. सपाट काच म्हणजे फडका फिरवला की झालं, असं सांगितलं गेलं. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकी इतिहासकार बाईंचं १९८३ चं एक गाजलेलं पुस्तक आहे, 'मोअर वर्क फॉर मदर'. घरात यंत्रं आली तरी बाईचे कामाचे तास कमी झाले नाहीत, कारण यंत्राबरोबर अपेक्षाही वाढल्या, असं त्यांनी दाखवून दिलं. काचेची चूल हे त्याचं चांगलं उदाहरण आहे. बिडाच्या चकतीवर एक डाग कुणाला दिसत नव्हता. काळ्या आरशावर भाताच्या पेजेचा एक थेंबही मिरवतो.

तरी पण नीट समजून घेतली तर ही चूल सांभाळायला अवघड नाही. काच स्टीलपेक्षा कठीण असते, म्हणून करपलेलं खरवडायला धारदार पातं चालतं. युरोपात यासाठी मुठीत धरायचं छोटं खरवडणं मिळतं, त्यात दाढीच्या पात्यासारखं पातं असतं. ते तिरपं, जवळजवळ झोपवून धरायचं. उभं धरलं किंवा पात्याला खाच पडलेली असली तर चरा पडू शकतो. या उलट वाळू काचेपेक्षा कठीण. पालेभाजी धुतल्यावर ओट्यावर राहिलेला वाळूचा एक कण भांड्याच्या बुडाखाली आला आणि भांडं सरकवलं, की चरा पडलाच. म्हणून भांडं ओढायचं नाही, उचलून ठेवायचं. राख, विटकर, रांगोळी यांनी आपण पिढ्यान्‌पिढ्या भांडी लख्ख केली, पण इथे त्यांना मज्जाव. तारेच्या घासणीलाही.

रोजची चूल गार झाल्यावर ओल्या मऊ फडक्यानं पुसायची, मग कोरड्यानं. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग लिंबाच्या रसानं किंवा व्हिनेगरनं जातात. दूध, पेज, वरण करपलं असेल तर घाई नको. गार होऊ द्या, ओलं फडकं थोडा वेळ ठेवा, मग पातं.

एकच गोष्ट अशी आहे की जिच्यासाठी गार व्हायची वाट पाहायची नाही, उलट लगेच धावायचं, ती म्हणजे साखर. आणि आपल्या घरात साखर म्हणजे गूळही, काकवीही, पाकही, मोरावळाही. पाक तापलेल्या काचेवर सांडला की वितळून घट्ट चिकटतो. गार होताना तो आकसायला लागतो. खालची काच मात्र, आत्ताच आपण पाहिलं, आकसत नाही. पाक तिला सोडत नाही, ती त्याच्याबरोबर येत नाही, आणि शेवटी पाक काचेचा शिंपल्यासारखा टवका घेऊनच निघतो. दुर्बिणीच्या आरशाचा जो गुण, तोच इथे आड येतो. तेव्हा पाक सांडला तर भांडं उचला, बटण बंद करा, हातमोजे घाला आणि काच गरम असतानाच पात्यानं पाक गार बाजूला ढकला. प्लॅस्टिकची पिशवी किंवा अ‍ॅल्युमिनियमची चांदी वितळून चिकटली तरी हेच. तिळाच्या वड्यांचा पाक करायचा असेल तर खोल भांडं घ्या, आणि चुलीवर आधी काचेसाठीचं सिलिकॉन असलेलं मलम चोळून घ्या. त्याचा पातळ थर मध्ये राहतो आणि पाक काचेला धरत नाही.

भाचीच्या घरमालकाशी झालेला वाद याच ज्ञानावर मिटला. घर सोडताना मालकानं चुलीवरच्या रुपेरी रेघा दाखवून 'चरे पडलेत, नवी काच बसवावी लागेल' असं म्हणत ठेवीतून पैसे कापायचं काढलं. ठेव म्हणजे त्यांच्याकडे दोन-तीन महिन्यांचं भाडं, नवीन संसाराला ती रक्कम मोठी. मी तिला फोनवर म्हटलं, "अगं, आधी नखानं बघ. नख अडतं का?" नख अडत नव्हतं. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं रोज सरकवल्यानं धातूच काचेवर घासून बसला होता, पाटीवर पेन्सिल उठते तसा. काच खरवडली गेली नव्हती, पातेलं झिजलं होतं. व्हिनेगरनं आणि काचेच्या मलमानं पाऊण तास घासल्यावर सगळ्या रेघा निघून गेल्या. ठेव पूर्ण परत मिळाली. चरा आणि धातूची रेघ यांतला फरक लक्षात ठेवा, भाड्याच्या घरात तो पैशाचा फरक असतो.

भाकरीचं म्हणाल तर इथे थोडी तडजोड आहे. जाळ नाही, म्हणजे भाकरी आरावर टेकवता येत नाही. तव्यावरच दोन्ही बाजू होऊ द्यायच्या आणि स्वच्छ फडक्यानं कडेनं दाबायचं, फुगते. तवा मात्र सपाट बुडाचा हवा. गोल बुडाची कढई या चुलीवर उपाशीच राहते, काचेला एका बिंदूवर टेकते आणि बाकी हवा तापते. तांब्या-पितळेची, अ‍ॅल्युमिनियमची, कोणतीही भांडी चालतात, बूड सपाट असलं की झालं. इंडक्शनला चुंबक चिकटणारंच भांडं लागतं, हिला तसा नखरा नाही. अजून एक: लाल वर्तुळ मध्येच विझतं, पुन्हा लागतं. नवीन बाई घाबरते, बिघडली म्हणून. काच प्रमाणाबाहेर तापू नये म्हणून आतला रक्षक वीज तोडतो आणि जोडतो, एवढंच.

आपल्याकडे ही चूल का रुळली नाही? मुंबईत १९५५ मध्ये बर्मा शेलचा बर्शेन गॅस सिलिंडरमधून मिळू लागला, आणि १९६५ पासून इंडेन आला. म्हणजे सेरान कोलोनला दाखवली गेली तेव्हा आपल्या शहरांतल्या बायका रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारण्यातून सुटून नुकत्याच गॅसकडे वळत होत्या. चार वर्तुळांच्या सिरॅमिक चुलीला सहा-सात किलोवॅट वीज लागते. आपल्या ओट्यावरच्या मोठ्या प्लगमधून साडेतीन मिळते. त्यात भारनियमन. विजेवर सगळा स्वयंपाक टाकायची हिंमत कोण करणार होतं?

आजीच्या वेळी चूल पेटवण्याआधी मऊ पुंजणीनं ती झाडून घ्यायची, लाकूड जमिनीवर आपटूनच आत सरकवायचं, एखादा जीव असेल तर निघून जावा म्हणून. गृहस्थाच्या घरातल्या पाच हिंसास्थानांत, पंचसूनांत, जातं, उखळ, केरसुणी आणि पाण्याच्या घड्याबरोबर चुलीचं नाव आहेच. गॅसच्या बर्नरखाली मुंग्या कुठे दडल्या आहेत ते दिसत नाही. काळ्या सपाट काचेवर मुंगी लगेच दिसते, आणि मऊ कापडानं अलगद बाजूला करता येते. पण एक सावधगिरी हवी. बंद केल्यावरही ही काच बराच वेळ तापलेली असते आणि तेव्हा लाल दिसत नाही. कोपऱ्यातला छोटा दिवा जळत असेतो ती गरम आहे असं समजायचं. गोडाचा थेंब जवळपास राहिला तर त्या वासावर येणारी मुंगी थेट तव्यावरच येते. म्हणून आजूबाजूचा ओटा आधी पुसा, काच नंतर. ही शिल्लक धग वायाही घालवू नका. सूर्यास्ताआधी जेवण उरकायचं असतं त्या घाईत भात शिजायला पाच मिनिटं असताना बटण बंद केलं तरी तो शिजतो.

वीज हा अग्निकाय की नाही, यावर आपल्या आचार्यांमध्ये दोन्ही बाजूंनी ग्रंथ लिहिले गेले आहेत. त्यात मी पडत नाही, आपापल्या गुरूंना विचारावं.

काचेच्या बाबतीत एक बदल मात्र नोंदवण्यासारखा आहे. वितळलेल्या काचेतले बुडबुडे काढायला पूर्वी तिच्यात आर्सेनिक किंवा अँटिमनीची संयुगं घालत, म्हणजे आपला सोमल. ते काचेत बांधलेलं असायचं, अन्नात उतरत नव्हतं, पण कारखान्यात आणि टाकून दिलेल्या काचेत ते होतंच. पुढे शॉटनं कथिलाचा वापर करून सोमलाशिवाय सेरान बनवायचं तंत्र बसवलं.

शेवटी तड्याबद्दल, कारण हा प्रश्न भाचीच्या मैत्रिणीनंही विचारला. ही काच उष्णतेनं तडकत नाही, पण वरच्या फडताळातून बरणी पडली तर तडकते. केसाएवढा तडा दिसला तरी त्या चुलीवर पुन्हा भांडं ठेवू नका, मुख्य बटण बंद करा. तड्यातून पाणी खाली गेलं की ते विजेच्या तारांपर्यंत पोहोचतं. अशी काच चिकटवून दुरुस्त होत नाही, अख्खी पाटी बदलावी लागते.